विश्लेषण : जुना टीव्ही बिघडला, की त्याच्यापर्यंत येणारी लहरच बंद झाली?

छतावरचा ॲल्युमिनियमचा अँटेना जागेवर आहे, वायर शाबूत आहे, बटण दाबले की टीव्ही चालूही होतो. पडद्यावर मात्र नुसत्या मुंग्या आणि खरखर. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात असे कितीतरी ठोकळा टीव्ही आधी कोपऱ्यात गेले, मग माळ्यावर चढले आणि शेवटी भंगारवाल्याच्या गाडीवर लादले गेले. त्यातल्या सगळ्यांत दोष नव्हता. टीव्हीला कळते त्या पद्धतीने येणारे प्रक्षेपण बंद झाले होते आणि नवे प्रक्षेपण त्याला कळेल असे करून देणारा बॉक्स मध्ये कुणी लावला नव्हता. असा टीव्ही आजही चालू शकतो. त्यासाठी कोणता बॉक्स घ्यायचा, तो कुठे जोडायचा आणि हा खर्च खरे तर कुणाच्या माथी असायला हवा होता, हे समजून घ्यायला हवे.

पडद्यावर मुंग्या आल्या कशा?

दोन वेगवेगळे निर्णय झाले आणि दोन्हींचा परिणाम एकाच टीव्हीवर झाला. पहिला निर्णय केबलचा. केबल टीव्ही कायद्यात २०११ मध्ये दुरुस्ती झाली आणि केबलवरून येणारे प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने डिजिटल करणे बंधनकारक झाले. मुंबईसह चार महानगरांत ॲनालॉग केबल बंद करण्यासाठी २०१२ च्या ऑक्टोबरअखेरची मुदत होती. २०१३ मध्ये पुणे, नाशिक, सोलापूर, औरंगाबाद अशा मोठ्या शहरांची पाळी आली. नगर शहर, संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव ही शहरे तिसऱ्या टप्प्यात होती, तर गावे चौथ्या टप्प्यात. न्यायालयीन वाद आणि बॉक्सचा तुटवडा यांमुळे मुदती सरकत राहिल्या. अखेर तिसऱ्या टप्प्याला ३१ जानेवारी २०१७ आणि चौथ्याला ३१ मार्च २०१७ ही तारीख मिळाली. त्यानंतर केबलची वायर थेट टीव्हीत खोचून चित्र दिसण्याचे दिवस संपले.

दुसरा निर्णय दूरदर्शनचा. १९८४ च्या सुमारास देशभर झपाट्याने छोटी प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली आणि दूरदर्शन तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले. ती केंद्रे प्रसार भारतीने गेल्या काही वर्षांत बंद करत आणली. सामरिकदृष्ट्या महत्त्वाच्या सुमारे ५० ठिकाणांचा अपवाद वगळता उरलेले ॲनालॉग प्रक्षेपण मार्च २०२२ पर्यंत गुंडाळण्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले. अँटेना लावून दूरदर्शन फुकट पाहणाऱ्या घरांच्या दृष्टीने ही बातमी केबलपेक्षा मोठी होती. पण केबलच्या मुदतीची जाहिरात महिनोन्महिने टीव्हीवर चालली, तशी या बातमीची चर्चा गावात झाली नाही. लोकांनी अँटेना फिरवून पाहिला, मग दुरुस्तीवाल्याला बोलावले.

बॉक्स नेमके काय करतो?

जुन्या टीव्हीला येणारी लहर म्हणजे चित्राचीच हुबेहूब चढउतार होती. लहर कमजोर झाली की चित्रात मुंग्या यायच्या, पण माणूस ओळखू यायचा, बातम्या ऐकू यायच्या. डिजिटल पद्धतीत चित्राचे आकड्यांत रूपांतर होते, ते दाबून लहान केले जाते आणि पूर्वी एक चॅनल मावायचा तेवढ्या जागेत अनेक चॅनल बसवले जातात. हे आकडे उलगडून पुन्हा चित्र करण्याची सोय ठोकळा टीव्हीत नसते. सेट टॉप बॉक्स तेवढेच काम करतो. आकडे घेतो, चित्र आणि आवाज वेगळे करतो आणि टीव्हीला समजेल अशा जुन्या पद्धतीने पुढे पाठवतो. टीव्हीच्या आत काहीही बदलावे लागत नाही.

यातून एक फरक मात्र पडतो, तो आधीच माहीत असलेला बरा. डिजिटलमध्ये अर्धवट चित्र फारसे दिसत नाही. संकेत पुरेसा असेल तर चित्र स्वच्छ येते. तो थोडा घसरला की चौकोन पडतात, चित्र गोठते आणि मग ‘नो सिग्नल’ अशी पाटी येते. म्हणून ‘काल चांगला दिसत होता, आज एकदम गेला’ ही तक्रार बहुतेक वेळा टीव्हीची नसते.

नाव एक, बॉक्स तीन

इंटरनेटवर ‘डिजिटल कन्व्हर्टर बॉक्स’ असे शोधले की अमेरिकेतले व्हिडिओ पुढे येतात. घरातला जुना अँटेना एका डबीला जोडायचा, डबी टीव्हीला जोडायची आणि काम झाले. ते पाहून ऑनलाइन तशीच डबी मागवणारा इथे फसतो. अमेरिकेत जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून डिजिटल प्रक्षेपण होते आणि त्याची पद्धतही वेगळी आहे. आपल्याकडे दूरदर्शनने फेब्रुवारी २०१६ मध्ये १६ शहरांत असे जमिनीवरचे डिजिटल प्रक्षेपण सुरू केले होते. त्यात महाराष्ट्रातली मुंबई आणि शेजारचे औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, ही शहरे होती. पण ते पकडणारे बॉक्स बाजारात कधी रुजलेच नाहीत. नगर जिल्ह्यातल्या घराने जुन्या अँटेनाच्या भरवशावर अशी डबी विकत घेऊ नये.

बॉक्सच्या खोक्यावरची इंग्रजी अक्षरे पाहिली तर फसगत टळते. ‘डीव्हीबी-टी’ किंवा ‘टी२’ म्हणजे अँटेनाचा, ‘डीव्हीबी-सी’ म्हणजे केबलचा आणि ‘डीव्हीबी-एस’ किंवा ‘एस२’ म्हणजे छत्रीचा, म्हणजेच डिशचा. बाहेरून तिन्ही सारखेच काळे डबे दिसतात, पण एकाचे काम दुसरा करत नाही.

गावात केबल असेल तर बॉक्स केबलवाल्याकडूनच घ्यावा लागतो. तो त्याच्याच जाळ्यापुरता चालतो, उद्या केबलवाला बदलला तर बॉक्सही बदलतो. कोणताही बॉक्स कुठेही चालावा, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, एप्रिल २०२० मध्ये केली होती. ग्राहकाच्या हातात तसा बॉक्स अजून आलेला नाही. केबलचा मासिक खर्चही लक्षात घ्यावा. १ फेब्रुवारी २०१९ पासून पहिल्या १०० चॅनलसाठी १३० रुपये अधिक कर असे जोडणी शुल्क ठरवून दिले होते, सशुल्क चॅनलचे पैसे त्यावर वेगळे. या शुल्कावरची मर्यादा जुलै २०२४ मध्ये काढून टाकण्यात आली.

महिन्याचे पैसे भरायचेच नसतील तर डीडी फ्री डिश हा सरळ मार्ग आहे. डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने ही सेवा सुरू झाली. आज ती देशातल्या ४ कोटींहून अधिक घरांत असल्याचे सांगितले जाते. छत्री, एलएनबी, वायर आणि बॉक्स यांचा एकदाच साधारण २ हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो, पुढे महिन्याचे काही नाही. सह्याद्री वाहिनी त्यावर आहे. खासगी वाहिन्यांना मात्र जागा लिलावातून मिळते, त्यामुळे आवडती मालिका लागणारा चॅनल १ एप्रिलला अचानक गायब होऊ शकतो. तो बॉक्सचा बिघाड नव्हे. बॉक्स घेताना तो एमपेग-४ चा आहे ना, एवढे विचारावे. जुन्या एमपेग-२ बॉक्सवर काही चॅनल दिसत नाहीत आणि स्वस्तात गळ्यात मारला जातो तो बहुधा हाच.

पिवळी पिन कुठे लावायची?

खरी अडचण इथे येते. ‘तुमच्या टीव्हीला हा बॉक्स चालत नाही, नवीन एलईडी घ्या’ असा सल्ला मिळतो तोही इथेच. तो सल्ला मानण्याआधी टीव्हीच्या मागची बाजू पाहावी.

पिवळे, पांढरे आणि लाल असे गोल छिद्र असेल तर काम सोपे आहे. पिवळ्यात चित्र, पांढऱ्या-लालमध्ये आवाज. पांढरे एकच छिद्र असेल तर टीव्ही मोनो आहे, पांढरी पिन त्यात लावावी आणि लाल मोकळी सोडावी. मग रिमोटवरचे ‘एव्ही’ बटण दाबायचे. रिमोट हरवला असेल तर टीव्हीच्या पुढच्या पट्टीवर ‘एव्ही’ किंवा ‘टीव्ही/व्हिडिओ’ लिहिलेले बटण असते, काही संचांत चॅनल शून्यावर नेला की एव्ही लागते. हे ठाऊक नसल्यामुळे सगळे बरोबर जोडूनही ‘बॉक्स खराब निघाला’ म्हणून परत केला जातो. काही नव्या बॉक्सना तीन छिद्रांऐवजी एकच बारीक, हेडफोनसारखे छिद्र असते आणि त्यासाठी एका टोकाला तीन रंग असलेली वायर येते. या वायरींचे रंग सगळ्या कंपन्यांत जुळतातच असे नाही. पिवळीतून चित्राऐवजी घरघर आली तर टीव्हीकडच्या तिन्ही पिना आळीपाळीने पिवळ्या छिद्रात लावून पाहाव्यात. त्याने काही जळत नाही.

मागे रंगीत छिद्रेच नसतील, फक्त अँटेनाची वायर जाते ते एक छिद्र असेल, तर तो टीव्ही आणखी जुना आहे. तोही चालतो. बॉक्सला ‘आरएफ आउट’ असेल तर त्यातून वायर थेट अँटेनाच्या छिद्रात जाते. बहुतेक बॉक्सना आता ती सोय नसते. मग मध्ये आरएफ मॉड्युलेटर नावाची छोटी डबी लावावी लागते. ती बॉक्सकडून पिवळी-पांढरी पिन घेते आणि जणू छोटे प्रक्षेपण केंद्र असल्यासारखी टीव्हीला एका ठरावीक चॅनलवर चित्र देते. टीव्हीवर तो चॅनल शोधून एका क्रमांकावर साठवला की पुढचे सगळे चॅनल बॉक्सच्याच रिमोटने बदलतात, टीव्ही त्याच क्रमांकावर राहू द्यायचा. फार जुने काही संच फक्त व्हीएचएफ पट्ट्यातलेच चॅनल पकडतात आणि काही मॉड्युलेटर फक्त यूएचएफवर देतात. म्हणून डबी घ्यायला जाताना टीव्हीचा मॉडेल क्रमांक सोबत न्यावा, जमले तर टीव्हीच दुकानात नेऊन लावून पाहावा. माळ्यावर जुना व्हीसीआर पडला असेल तर मॉड्युलेटरचीही गरज नाही. त्याच्या एव्ही इनमध्ये बॉक्स लावायचा आणि त्याची आरएफ वायर टीव्हीला जोडायची.

कृष्णधवल टीव्हीवरही हे सगळे चालते, फक्त रंग दिसणार नाहीत. रंगीत टीव्हीवर चित्र कृष्णधवल आले किंवा वर-खाली सरकत राहिले तर बॉक्सच्या सेटिंगमध्ये ‘पाल’ निवडलेले नसते, ‘एनटीएससी’ लागलेले असते. माणसे उभट आणि बारीक दिसत असतील तर त्याच सेटिंगमध्ये १६:९ ऐवजी ४:३ करावे. वर-खाली काळ्या पट्ट्या येतील, पण चेहरे मूळ आकारात दिसतील.

तिसरा प्रकार उलटा आहे. बॉक्स इतका नवा की त्याला फक्त एचडीएमआयचे चपटे छिद्र, आणि टीव्ही जुना. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतो, पण मागताना शब्दांचा क्रम चुकू देऊ नये. ‘एचडीएमआय टू एव्ही’ हवा. ‘एव्ही टू एचडीएमआय’ हे नेमके उलटे यंत्र आहे, ते दिसायलाही अगदी तसेच असते आणि दोन्ही दिशांनी चालत नाही. या कन्व्हर्टरला मोबाइल चार्जरसारखी ५ व्होल्टची वीज लागते. ती न जोडल्यास पडदा काळाच राहतो.

आणखी एक साधी गोष्ट. बॉक्सचा दिवाच लागत नसेल तर आधी ॲडॉप्टर तपासून घ्यावा. विजेच्या चढउतारात आधी जातो तो ॲडॉप्टर, आणि तो बॉक्सच्या तुलनेत अगदी स्वस्त मिळतो. टीव्हीचे मागचे झाकण मात्र घरी उघडू नये. ठोकळा टीव्हीच्या नळीत हजारो व्होल्ट असतात आणि बटण बंद केल्यानंतरही काही काळ तो भार आत राहतो.

छत्री कोणत्या दिशेला?

फ्री डिशचे चॅनल जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. तो विषुववृत्ताच्या वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. नगर शहरातून त्याच्याकडे पाहायचे तर नजर आग्नेयेकडे न्यावी लागते आणि क्षितिजापासून साधारण ५९ अंश वर. अकोल्यात किंवा जामखेडमध्ये यात एखाद-दोन अंशांचाच फरक पडेल. छत्री मात्र इतकी आभाळाकडे वळलेली दिसणार नाही. तिचा एलएनबी मध्यभागी नसून खालच्या बाजूला असतो, त्यामुळे ती दिसते त्यापेक्षा बरीच वर पाहत असते.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की घराच्या आग्नेयेला मोकळे आभाळ हवे. कडुनिंबाचे झाड, शेजाऱ्याचा नवा स्लॅब किंवा पाण्याची टाकी आड आली की चित्र जाते. उन्हाळ्यात दिसणारा टीव्ही पावसाळ्यात बंद पडत असेल तर झाडाला फुटलेली पालवी पाहावी. ऐन मुसळधार पावसात काही मिनिटे चित्र जाणे स्वाभाविक आहे, त्यासाठी कुणाला बोलावू नये. पूर्वीच्या एखाद्या डीटीएच कंपनीची छत्री छतावर पडून असेल तर ती वापरता येते, पण त्या कंपनीचा उपग्रह बहुधा दुसरीकडे असतो, तेव्हा ती फिरवावी लागेल.

अकोले तालुक्यात छत्रीचा आणखी एक फायदा आहे. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, भंडारदरा या डोंगररांगांच्या आडोशाला असलेल्या पाड्यांवर जमिनीवरून येणारी लहर अडायची. उपग्रह डोक्याच्या बऱ्याच वर असल्याने डोंगराची उंची तितकीशी आड येत नाही.

खर्च कुणी करायचा होता?

ॲनालॉग बंद करणे चुकीचे नव्हते. जुनी केंद्रे चालवणे महाग होते, त्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले होते आणि लहरींचा पट्टा दुसऱ्या कामांसाठी हवा होता. केंद्रे बंद केल्याने वर्षाला सुमारे १०० कोटी रुपये वाचतात, असे प्रसार भारतीनेच सांगितले आहे. प्रश्न एवढाच, की त्या बचतीतले अँटेनावाल्या घरात काय आले?

इतर देशांनी हा प्रश्न आधी सोडवला आणि मग बटण बंद केले. अमेरिकेने १२ जून २००९ रोजी मोठ्या केंद्रांचे ॲनालॉग प्रक्षेपण थांबवले. त्याआधी मागणी करणाऱ्या प्रत्येक घराला बॉक्स घेण्यासाठी ४० डॉलरची दोन कूपने देऊ केली होती. ब्रिटनमध्ये २०१२ पर्यंत चाललेल्या बदलात ७५ वर्षांवरील आणि अपंग व्यक्तींसाठी घरी येऊन बॉक्स बसवून देणारी वेगळी योजना होती. आपल्याकडे केबल ग्राहकाने बॉक्सचे पैसे स्वतः भरले आणि अँटेनावाल्याला तर काय भरायचे हेही कुणी सांगितले नाही.

याची किंमत काय असते, ते २०२० मध्ये दिसले. शाळा बंद होत्या, सगळ्या घरांत स्मार्टफोन नव्हते. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. फोन नसलेल्या मुलांना टीव्ही उपयोगी पडावा, हा त्यामागचा चांगला विचार होता. पण जुना टीव्ही असलेल्या घरात सह्याद्री दिसायला बॉक्स हवाच होता. ज्या घराला दोन हजार रुपये एकदम काढणे जड जाते, त्या घरातले मूल टीव्हीसमोर बसूनही शाळेबाहेर राहिले. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे वर्षाचे गणित माहीत असलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये प्रसारण पायाभूत सुविधांसाठी २,५३९ कोटी रुपयांची ‘बाइंड’ योजना मंजूर केली. तिच्यात दुर्गम, आदिवासी, सीमावर्ती व नक्षलग्रस्त भागांत आणि आकांक्षित जिल्ह्यांत ८ लाखांहून अधिक फ्री डिश बॉक्स मोफत देण्याची तरतूद होती. दिशा योग्य होती. पण नगर जिल्हा आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत नाही. साखर कारखान्यांचा, शिर्डीचा जिल्हा म्हणून तो सधन गणला जातो आणि त्याच जिल्ह्यात अकोल्याचे आदिवासी पाडे आहेत. असे लाभ जिल्ह्याच्या सरासरीवर न ठरता तालुक्यावर किंवा गावावर ठरायला हवेत. १७ हजार चौरस किलोमीटरच्या, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या जिल्ह्याची सरासरी कुणाच्याच घराशी जुळत नाही.

आता टीव्हीतच उपग्रहाचा संकेत पकडणारी सोय असावी, वेगळा बॉक्स लागू नये, यासाठी भारतीय मानक ब्युरोने मानक तयार केले आहे. नवा टीव्ही घेणाऱ्याला त्याचा उपयोग होईल. ज्याच्या घरात २१ इंची ठोकळाच राहणार आहे, त्याला नाही. तो ठोकळा खरेच निकामी झाला, म्हणजे नळीच गेली, तरच तो घराबाहेर काढावा आणि तेव्हाही फोडू नये. त्याच्या काचेत शिसे असते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तू नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जायला हव्यात. गावातला भंगारवाला तांब्याची तार काढून काच ओढ्यात टाकतो, तेव्हा हा नियम कागदावरच राहतो.

बॉक्सचे पैसे देणे ग्रामपंचायतीला झेपणार नाही, पण माहिती देणे झेपेल. अँटेनावरचे दूरदर्शन बंद झाले आहे, टीव्ही बिघडलेला नाही, छत्रीचा बॉक्स एमपेग-४ चा घ्यावा, छत्री आग्नेयेला लावावी आणि टीव्हीमागे रंगीत छिद्रे नसतील तर मॉड्युलेटर मागावा, एवढा मजकूर फलकावर पाच ओळींत बसतो. आठवडे बाजाराच्या दिवशी तो लावला तर जास्त लोकांच्या नजरेस पडेल.